हाय-रेझोल्यूशन ध्वनिफाइलींचे स्थानांतरण

हाय-रेझोल्यूशन ध्वनिफाइलींचे स्थानांतरण म्हणजे सीडीपेक्षा अधिक तपशिलाने नोंदविलेल्या संगीताच्या डिजिटल फाइली संगणकावरून किंवा अन्य साठवणीतून सुवाह्य संगीतयंत्रावर उतरवून घेण्याची प्रक्रिया होय. सुवाह्य संगीतयंत्र म्हणजे खिशात बाळगता येणारा म्युझिक प्लेअर किंवा त्याच कामासाठी वापरला जाणारा मोबाइल फोन. हाय-रेझोल्यूशन ध्वनीस मराठीत ‘उच्च विभेदन ध्वनी’ असेही म्हटले जाते.

वरवर पाहता ही फाइलीची नक्कल करण्याची साधी क्रिया आहे. मूळ फाइलीतील प्रत्येक बिट जसाच्या तसा यंत्रावर पोहोचला, तर ध्वनीत कोणताही फरक पडत नाही. व्यवहारात मात्र फाइलींचे मोठे आकारमान, मेमरी कार्डाच्या मर्यादा आणि स्थानांतर करणाऱ्या आज्ञावलींनी परस्पर केलेले रूपांतर यांमुळे वाटेत दर्जा घटू शकतो. ही घट यंत्र सहसा कळवीत नाही. गाणे वाजते, पडद्यावर नावही दिसते. त्यामुळे मूळ प्रत पुसून टाकल्यानंतरच नुकसान लक्षात येण्याचा संभव असतो. म्हणून या प्रक्रियेत नक्कल करण्याइतकेच महत्त्व पडताळणीला आहे.

संकल्पना

ध्वनीचे डिजिटल अंकन करताना ध्वनिलहरीची उंची ठरावीक कालांतराने मोजली जाते. एका सेकंदात किती वेळा मोजणी होते, त्यास नमुनादर म्हणतात आणि तो किलोहर्ट्झमध्ये सांगतात. प्रत्येक मोजणी किती बारकाईने लिहिली जाते, हे बिटांच्या संख्येवरून ठरते. सीडीचा नमुनादर ४४.१ किलोहर्ट्झ असून प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. नमुना-सिद्धांतानुसार नमुनादराच्या निम्म्यापेक्षा कमी असलेल्या कंप्रता अचूकपणे परत मिळविता येतात. त्यामुळे सीडीवर सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. निरोगी तरुण माणसाची श्रवणमर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ मानली जाते आणि वयानुसार ती खाली येते.

प्रत्येक बिटामागे सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या ध्वनीतील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. या हिशोबाने १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा, तर २४ बिटांत सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो.

जून २०१४ मध्ये अमेरिकेतील डिजिटल एंटरटेनमेंट ग्रुप, कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन आणि रेकॉर्डिंग अकॅडमी या संस्थांनी प्रमुख ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या सहकार्याने हाय-रेझोल्यूशन ध्वनीची व्याख्या जाहीर केली. तिचा आशय असा की, सीडीहून सरस मूळ ध्वनिमुद्रणापासून तयार झालेला आणि त्या मुद्रणातील ध्वनीचा पूर्ण पल्ला देऊ शकणारा, काहीही न गमावलेला ध्वनी म्हणजे हाय-रेझोल्यूशन ध्वनी. फाइलीवर मोठे आकडे लिहिलेले असणे पुरेसे नाही, तिचे मूळही तितकेच सरस असले पाहिजे, हा या व्याख्येतील महत्त्वाचा भाग होय. २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट व १९२ किलोहर्ट्झ ही या प्रकारातील विशेष रूढ प्रमाणे आहेत.

इतिहास

१ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला आणि चालताफिरता संगीत ऐकण्याची सवय जगभर रुजली. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. डिजिटल फाइली वाजविणारे पहिले प्लेअर १९९८ मध्ये आले. त्यांत दक्षिण कोरियातील सेहान कंपनीचा एमपीमॅन आणि अमेरिकेतील डायमंड मल्टीमीडिया कंपनीचा रिओ पीएमपी३०० हे प्रमुख होत. रिओच्या ३२ एमबी अंतर्गत स्मृतीत एमपी३ स्वरूपातील सुमारे अर्ध्या तासाचे संगीत मावत असे. २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ दर्जाचे संकोच न केलेले एका मिनिटाचे संगीतही त्या स्मृतीत मावले नसते.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने ५ जीबी क्षमतेचा आयपॉड जाहीर केला. संगणकावरील संग्रह आणि प्लेअरमधील संग्रह आपोआप जुळवून घेण्याची पद्धत त्याने लोकप्रिय केली. याच सुमारास सुपर ऑडिओ सीडी (१९९९) आणि डीव्हीडी-ऑडिओ (२०००) ही सीडीहून सरस दर्जाची माध्यमे आली होती. परंतु त्यांवर नक्कल-प्रतिबंधक संरक्षण असल्याने त्यांतील संगीत प्लेअरवर सहज उतरविता येत नव्हते. २००८ मध्ये सुरू झालेल्या एचडीट्रॅक्ससारख्या दुकानांनी अशा दर्जाच्या फाइली थेट डाउनलोडसाठी विकण्यास प्रारंभ केल्यावर स्थानांतरणाचा प्रश्न सामान्य श्रोत्यापर्यंत आला.

२०१२ मध्ये आयरिव्हर कंपनीने ॲस्टेल अँड कर्न या नावाने एके१०० हा प्लेअर आणला. २०१३ मध्ये सोनीने एनडब्ल्यू-झेडएक्स१ हा वॉकमन बाजारात आणला. २०१४ मध्ये गायक नील यंग यांच्या पोनो प्लेअरसाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. तथापि हा उपक्रम फार काळ टिकला नाही. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड मालिका बंद करीत असल्याचे जाहीर केले. तत्पूर्वी जून २०२१ मध्ये ॲपल म्युझिक सेवेत हाय-रेझोल्यूशन संगीत उपलब्ध झाले होते. स्ट्रीमिंग सेवा वाढल्यावरही स्वतःच्या मालकीच्या फाइली बाळगणाऱ्या श्रोत्यांमध्ये स्वतंत्र प्लेअर वापरात राहिले.

फाइलींची स्वरूपे

वेव्ह आणि एआयएफएफ : या दोन्ही स्वरूपांत ध्वनी सहसा संकोच न करता साठविला जातो. वेव्ह हे मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ मध्ये, तर एआयएफएफ हे ॲपलने १९८८ मध्ये आणले. वेव्ह फाइलीतील गाण्याचे नाव, गायक इत्यादी माहिती सर्व प्लेअर सारख्याच रीतीने वाचत नाहीत.

फ्लॅक : जॉश कोल्सन यांनी विकसित केलेल्या या मुक्त स्वरूपाची पहिली स्थिर आवृत्ती २००१ मध्ये आली. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने आरएफसी ९६३९ या क्रमांकाने त्याचे प्रमाणीकरण प्रसिद्ध केले. फ्लॅकमध्ये ध्वनीचा संकोच होतो, पण उलगडल्यावर मूळ ध्वनी बिट न् बिट परत मिळतो. फाइलीचा आकार संगीताच्या स्वरूपानुसार सामान्यतः मूळच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत येतो.

अलॅक : ॲपलने २००४ मध्ये आणलेले आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले हे स्वरूपही मूळ ध्वनी पूर्णपणे राखते. ॲपलच्या म्युझिक ॲपमधील संग्रहात फ्लॅक फाइल घेता येत नाही, अलॅक घेता येते. फ्लॅकचे अलॅकमध्ये रूपांतर केल्यास नमुनादर व बिटसंख्या न बदलल्यास ध्वनीची हानी होत नाही.

डीएसडी : सुपर ऑडिओ सीडीसाठी वापरलेल्या या पद्धतीत प्रत्येक नमुना एकाच बिटाचा असतो आणि नमुनादर २.८२२४ मेगाहर्ट्झ, म्हणजे सीडीच्या ६४ पट असतो. डीएसएफ व डीएफएफ ही या पद्धतीच्या फाइलींची स्वरूपे होत. प्लेअरमध्ये डीएसडीची सोय नसल्यास अशा फाइली वाजत नाहीत किंवा यंत्र त्यांचे अन्य स्वरूपात रूपांतर करून वाजविते.

एमपी३ व एएसी या स्वरूपांत कानाला कमी जाणवणारा तपशील कायमचा वगळला जातो. एकदा एमपी३ केलेल्या गाण्याचे पुन्हा फ्लॅक केले, तरी गमावलेला भाग परत येत नाही. केवळ फाइल मोठी होते.

आकारमान

दोन वाहिन्यांच्या, संकोच न केलेल्या संगीताचे आकारमान नमुनादर, बिटसंख्या आणि वाहिन्यांची संख्या यांच्या गुणाकाराने मिळते. येथे १ एमबी म्हणजे १० लाख बाइट धरले आहेत.

१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ : मिनिटाला सुमारे १०.६ एमबी, तासाला सुमारे ६३५ एमबी
२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ : मिनिटाला सुमारे १७.३ एमबी, तासाला सुमारे १.०४ जीबी
२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ : मिनिटाला सुमारे ३४.६ एमबी; तासाला सुमारे २.०७ जीबी
२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ : मिनिटाला सुमारे ६९.१ एमबी, तासाला सुमारे ४.१५ जीबी
डीएसडी, २.८२२४ मेगाहर्ट्झ : मिनिटाला सुमारे ४२.३ एमबी; तासाला सुमारे २.५४ जीबी

तुलनेसाठी, सेकंदाला ३२० किलोबिट दराच्या एमपी३ फाइलीस मिनिटाला केवळ २.४ एमबी लागतात.

स्थानांतरणाच्या पद्धती

यूएसबी मास स्टोरेज

या पद्धतीत प्लेअर संगणकाला जोडताच तो पेन ड्राइव्हप्रमाणे दिसतो आणि फाइली ओढून त्यात टाकता येतात. कोणतीही वेगळी आज्ञावली लागत नाही, फाइलीत बदल होत नाही आणि विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्हींवर पद्धत सारखीच चालते. नक्कल चालू असताना प्लेअरला स्वतःची स्मृती वापरता येत नाही, म्हणून तेवढा वेळ तो सहसा वाजविता येत नाही.

एमटीपी

मायक्रोसॉफ्टने विकसित केलेली ही पद्धत २००८ मध्ये यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमने प्रमाण म्हणून स्वीकारली. अँड्रॉइड फोन आणि अँड्रॉइडवर चालणारे प्लेअर प्रामुख्याने हीच पद्धत वापरतात. यात स्मृतीचा ताबा यंत्राकडेच राहतो; संगणक केवळ पूर्ण फाइल पाठवितो किंवा मागवितो. त्यामुळे केबल अचानक निघाली तरी संपूर्ण साठवण बिघडण्याची भीती कमी असते, परंतु अर्धवट पोहोचलेली फाइल मागे राहू शकते. मॅकओएसमध्ये एमटीपीची अंगभूत सोय नसल्याने तेथे स्वतंत्र आज्ञावली घ्यावी लागते.

कार्ड रीडर

प्लेअरमधील मायक्रोएसडी कार्ड काढून ते कार्ड रीडरद्वारे संगणकाला जोडणे हा मोठ्या संग्रहासाठी सोयीचा मार्ग आहे. प्लेअरचा यूएसबी वेग कमी असला, तरी चांगल्या रीडरमुळे ही अडचण टळते. यूएसबी २.० चा सैद्धांतिक वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात. सेकंदाला ३० एमबी या वेगाने १२८ जीबीचे कार्ड भरण्यास सुमारे ७१ मिनिटे लागतात. यंत्राला टाइप-सी आकाराचे तोंड आहे म्हणजे वेग अधिक असतोच असे नाही; २०२३ मधील आयफोन १५ या मूळ प्रतिमानाला टाइप-सी तोंड असूनही त्याचा वेग यूएसबी २.० इतकाच आहे.

संग्रह जुळविणाऱ्या आज्ञावली

ॲपलच्या यंत्रांसाठी पूर्वी आयट्यून्स ही आज्ञावली वापरली जाई. २०१९ मधील मॅकओएस कॅटालिनापासून हे काम फाइंडरकडे आले. या आज्ञावलींमध्ये जागा वाचविण्यासाठी अधिक दराची गाणी १२८, १९२ किंवा २५६ किलोबिट दराच्या एएसी स्वरूपात बदलून पाठविण्याचा पर्याय असतो. तो निवडलेला असल्यास संगणकातील मूळ फाइल अबाधित राहते, पण यंत्रावर तिची खालच्या दर्जाची आवृत्ती जाते. विंडोज मीडिया प्लेअरमध्येही यंत्रावर पाठविताना रूपांतर करण्याची सोय आहे. दर्जा राखावयाचा असल्यास हे पर्याय बंद ठेवावे लागतात.

वायरलेस मार्ग

काही प्लेअर वाय-फायवरून फाइली स्वीकारतात. फाइल जशीच्या तशी जात असल्याने दर्जा घटत नाही, मात्र वेळ अधिक लागू शकतो. ब्लूटूथबाबत दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. ब्लूटूथवरून फाइल पाठविल्यास ती संथ गतीने, पण न बदलता पोहोचते. ब्लूटूथ हेडफोनवर गाणे ऐकताना मात्र ध्वनीचा नव्याने संकोच होतो. सोनीच्या एलडॅक पद्धतीचा कमाल दर सेकंदाला ९९० किलोबिट आहे, तर २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ दर्जाच्या मूळ ध्वनीचा दर ४,६०८ किलोबिट असतो. बिनचूक उतरविलेल्या फाइलीचा पूर्ण दर्जा अशा हेडफोनपर्यंत पोहोचत नाही.

मेमरी कार्ड आणि फाइल सिस्टिम

३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर सामान्यतः एफएटी३२, तर त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांवर एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असते. एफएटी३२ मध्ये एका फाइलीचा आकार ४ जिबिबाइटपेक्षा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी बाइटांपेक्षा, कमी असावा लागतो. २४ बिट व १९२ किलोहर्ट्झ दर्जाची वेव्ह फाइल सुमारे ६२ मिनिटांत ही मर्यादा गाठते. एखाद्या मैफलीचे सलग ध्वनिमुद्रण म्हणूनच अशा कार्डावर नक्कल होत नाही. फ्लॅकमध्ये रूपांतर करणे, मुद्रणाचे भाग पाडणे किंवा एक्सफॅट वापरणे हे त्यावरील उपाय होत. जुने प्लेअर एक्सफॅट वाचतीलच असे नाही, म्हणून कार्ड नव्याने फॉरमॅट करण्यापूर्वी यंत्राची माहिती पाहणे आवश्यक ठरते. फॉरमॅट केल्याने कार्डावरील मजकूर पुसला जातो.

बाजारात खोटी क्षमता दाखविणारी कार्डेही आढळतात. अशा कार्डाच्या अंतर्भागात फेरफार करून ते संगणकाला प्रत्यक्षापेक्षा अनेक पट मोठे भासविले जाते. खरी क्षमता संपल्यावरही नक्कल यशस्वी झाल्याचे दिसते. फाइलींची नावे यादीत येतात, पण त्यांतील ध्वनी नष्ट झालेला असतो. नवे कार्ड वापरण्यापूर्वी ते संपूर्ण भरून पुन्हा वाचून पाहणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. विंडोजवरील एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवरील एफ३ ही त्यांची उदाहरणे होत.

नक्कल पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसल्यानंतरही काही मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत लिहावयाचा बाकी असू शकतो. यासाठी केबल किंवा कार्ड काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ ही आज्ञा दिली जाते.

मॅकओएसवरून एफएटी३२ किंवा एक्सफॅट कार्डावर फाइली टाकल्यास पूर्णविराम व अधोरेखेने सुरू होणाऱ्या लहान पूरक फाइली तयार होऊ शकतात. काही प्लेअर त्यांना गाणी समजतात आणि यादीत न वाजणाऱ्या दुहेरी नोंदी दिसू लागतात. त्या पुसल्याने संगीताला बाधा येत नाही.

नावे, माहिती-नोंदी आणि देवनागरी

ध्वनिफाइलीत गीताचे नाव, कलाकार, संग्रहाचे नाव व क्रमांक यांच्या नोंदी असतात. त्यांना टॅग म्हणतात. फ्लॅकमधील नोंदी यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीने लिहिल्या जात असल्याने त्यांत देवनागरी मजकूर निर्वेधपणे मावतो. एमपी३ मधील जुन्या आयडी३व्ही१ नोंदीत प्रत्येक घटकाला जास्तीत जास्त ३० बाइटांचीच जागा असून ती रचना रोमन लिपी गृहीत धरून केलेली आहे. युनिकोडपूर्व काळातील मराठी फाँट वापरून भरलेल्या नोंदी प्लेअरवर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतात.

नोंद बरोबर असूनही साध्या प्लेअरमध्ये देवनागरीचा फाँट नसल्यास अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. फाँट असला, तरी जोडाक्षरे जुळविण्याची सोय नसल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. हा केवळ प्रदर्शनातील दोष असून ध्वनीवर त्याचा परिणाम होत नाही.

फाइलीच्या नावाची लांबी हा अधिक गंभीर प्रश्न ठरू शकतो. लिनक्सवरील एक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि त्यात मात्रा, वेलांटी व हलन्त यांचीही स्वतंत्र गणना होते. ‘कीर्तन’ या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट होतात. त्यामुळे देवनागरी नावाला कमाल ८५ चिन्हांचीच जागा उरते. एक्सफॅटमध्ये मात्र २५५ देवनागरी चिन्हे मावतात. गायक, राग, ताल, साथीदार, स्थळ व दिनांक असे सर्व तपशील नावातच घातलेली फाइल म्हणूनच कार्डावर जाते, पण यंत्राच्या अंतर्गत स्मृतीत नक्कल होताना अडते. नाव लहान ठेवून उर्वरित तपशील नोंदीत भरणे हा त्यावरील सोपा मार्ग आहे.

अनेक प्लेअर फाइलींची यादी चिन्हांच्या क्रमाने लावतात. त्यामुळे १०, ११ हे क्रमांक २ च्या आधी येतात. क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी लिहिल्यास क्रम बरोबर राहतो. रोमन आणि देवनागरी अंक एकाच संग्रहात मिसळल्यास युनिकोड क्रमानुसार देवनागरी अंकांची नावे शेवटी जातात.

भारतीय शास्त्रीय संगीतासाठी राग, ताल आणि साथीदार या नोंदी महत्त्वाच्या असतात. फ्लॅकमध्ये अशा नव्या नोंदी जोडता येतात. परंतु बहुतेक प्लेअर ठरावीक नोंदीच दाखवितात. या कारणाने रागाचे नाव शीर्षकातच लिहिण्याचा प्रघात आहे. एकाच रागाचे आलाप, विलंबित व द्रुत असे भाग वेगळ्या फाइलींत असल्यास दोन फाइलींच्या मध्ये खंड न पाडता वाजविण्याची सोय प्लेअरमध्ये असावी लागते.

पडताळणी

दोन फाइली तंतोतंत सारख्या आहेत की नाहीत, हे त्यांच्या गणिती ठशावरून कळते. एमडी५ किंवा एसएचए-२५६ या पद्धतींनी काढलेला ठसा फाइलीतील एक बिट बदलला तरी बदलतो. संगणकातील व कार्डावरील फाइलींचे ठसे जुळल्यास नक्कल बिनचूक असल्याचे मानले जाते. ही तपासणी कार्ड एकदा काढून पुन्हा जोडल्यावर केली जाते. अन्यथा संगणक कार्डाऐवजी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतील प्रत वाचण्याची शक्यता असते.

फ्लॅक फाइलीत मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा सामान्यतः आधीच साठविलेला असतो. त्यामुळे मूळ फाइल समोर नसतानाही ध्वनी शाबूत आहे का, हे तपासता येते. हा ठसा केवळ ध्वनीचा असल्याने गाण्याचे नाव किंवा मुखपृष्ठाचे चित्र बदलले तरी तो बदलत नाही. संपूर्ण फाइलीचा ठसा मात्र अशा बदलानंतर वेगळा येतो.

बिनचूक नक्कल झाली म्हणजे फाइल खरोखर हाय-रेझोल्यूशन आहे असे सिद्ध होत नाही. सीडीच्या दर्जाचा ध्वनी कृत्रिमरीत्या २४ बिट व ९६ किलोहर्ट्झमध्ये वाढवूनही फाइल तयार करता येते. कंप्रतांचा आलेख काढल्यास अशा फाइलीत सुमारे २२ किलोहर्ट्झच्या वर ध्वनी एकदम तुटलेला दिसतो. हे लक्षण सूचक असले, तरी निर्णायक नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांत त्या पट्ट्यात मुळातच काही नसू शकते.

प्लेअरच्या बाजूनेही मर्यादा असतात. आयपॉड क्लासिकमध्ये अलॅक फाइली ४८ किलोहर्ट्झपर्यंतच वाजत. आयफोनचा लाइटनिंग हेडफोन ॲडॉप्टर कमाल २४ बिट व ४८ किलोहर्ट्झ दर्जा देतो. त्याहून वरच्या दर्जासाठी बाहेरचे डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक यंत्र जोडावे लागते.

श्रवणातील फरकाविषयी मतभेद

सीडी आणि हाय-रेझोल्यूशन यांतील फरक माणसाला ऐकू येतो का, हा वादाचा विषय आहे. २००७ मध्ये ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, सुपर ऑडिओ सीडी व डीव्हीडी-ऑडिओ यांचा ध्वनी सीडीच्या दर्जातून नेल्यास श्रोत्यांना तो फरक ओळखता आला नाही. या प्रयोगातील काही मुद्रणांच्या मूळ दर्जाविषयी पुढे आक्षेप घेतले गेले. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जॉशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत फरक ओळखण्याची क्षमता अल्प, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखल घेण्याजोगी असल्याचे आणि प्रशिक्षणाने ती वाढत असल्याचे दिसून आले.

एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्यांत जाणवणारा फरक पुष्कळदा त्यांच्या अंतिम ध्वनिसंस्करणातील भेदामुळेही असतो. ऐकण्यासाठी सीडीचा दर्जा पुरेसा मानणारेही ध्वनिमुद्रण व संपादनासाठी २४ बिटांचा उपयोग मान्य करतात, कारण तेथे पुढील प्रक्रियेसाठी मोकळी जागा आवश्यक असते.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन

इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ साउंड अँड ऑडिओव्हिज्युअल आर्काइव्ह्ज ही संस्था जुन्या ध्वनिमुद्रणांच्या अंकनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण सुचविते. अनेक संग्रहालये ९६ किलोहर्ट्झ वापरतात. यामागील हेतू टेपवर नसलेला तपशील निर्माण करण्याचा नसून, खरखर, हिस्स व इतर दोषांसह जे आहे ते सारे टिपण्याचा असतो. पुढे दोष काढताना हा तपशील उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात नाट्यसंगीत, कीर्तन, भजन आणि खाजगी मैफली यांची स्पूल व कॅसेटवरील मुद्रणे अनेक कुटुंबांकडे आहेत. त्यांपैकी बाजारात कधीच न आलेल्या मुद्रणाची एकमेव प्रत घरातच असते. ती गमावल्यास पर्याय उरत नाही. अशा अंकनाची मूळ प्रत संगणकाच्या डिस्कवर ठेवून प्लेअरवर तिची फ्लॅक नक्कल बाळगणे सुरक्षित मानले जाते. प्लेअर किंवा मेमरी कार्ड हे जतनाचे माध्यम नव्हे. ते हरवू शकते, खराब होऊ शकते आणि दीर्घकाळ न वापरता पडून राहिल्यास त्यातील विद्युत्‌भार क्षीण होऊन मजकूर नष्ट होऊ शकतो. किमान तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, असा नियम जतनाच्या क्षेत्रात रूढ आहे.

कायदेशीर बाजू

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त व्यवहारास प्रताधिकारभंगातून वगळले आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत व संगीतरचना यांवरील अधिकार त्याहून वेगळे असतात. २०१२ मधील दुरुस्तीने जोडलेल्या कलम ६५ए नुसार हक्कभंगाच्या उद्देशाने तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा आहे. स्ट्रीमिंग सेवांवरून ‘डाउनलोड’ केलेली गाणी सामान्यतः कूटबद्ध असून त्या सेवेच्या ॲपमध्येच वाजतात. सदस्यत्व संपल्यावर ती बंद होतात आणि अन्य प्लेअरवर नेता येत नाहीत. विकत घेतलेल्या संरक्षणमुक्त फाइलींना ही मर्यादा लागू नसते.

हेही पाहा

ध्वनिमुद्रण
सीडी
एमपी३
वॉकमन
युनिकोड
देवनागरी